विचारायचं नाही

आमच्या अमेरिकेतल्या, ट्रॉय गावच्या घरात शेगडीला चार बर्नर होते आणि त्यातला मागचा डावा बर्नर येयेंचा होता. येये म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. चीनमधल्या कँटनकडच्या बोलीत वडिलांच्या वडिलांना येये म्हणतात. त्या बर्नरवर त्यांचं काळं पडलेलं मातीचं भांडं बारा महिने ठाण मांडून असे. त्याला कुणी हात लावायचा नाही, साबण तर मुळीच लावायचा नाही, आणि त्यात आमटीबिमटी गरम करण्याची बातच सोडा. पुढच्या बर्नरवर आईचा कुकर. आई नागपूरची. नर्सचं शिक्षण घेऊन ती इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आली आणि गाड्यांच्या कंपनीतल्या एका अबोल चिनी इंजिनिअरशी लग्न करून मोकळी झाली. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी काही वर्षं तोंड फिरवलं आणि मी झाल्यावर हळूहळू पुन्हा वळवलं. सकाळी कुकरची शिट्टी आणि येयेंच्या भांड्यातली गुडगुड एकदमच चालू असायची. हिंगाच्या फोडणीचा वास त्या कडू, ओल्या लाकडासारख्या वासात असा मिसळायचा, की शाळेत माझ्या स्वेटरला नक्की कशाचा वास येतो ते कुणालाच सांगता यायचं नाही. मलाही नाही.

आई मला नलू म्हणे आणि येये लिन म्हणत. नलिनी म्हणजे कमळ हे कळल्यावर त्यांनी आपल्या भाषेतलं कमळ मला चिकटवून टाकलं होतं. आईला कँटनी यायची ती जेवणाच्या टेबलापुरती, येयेंना इंग्रजी यायचं ते दुकानापुरतं. बाबा घरी असले तरी नसल्यासारखेच. त्यामुळे सात-आठ वर्षांची असल्यापासून सासऱ्या-सुनेमधलं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जायचं. ‘त्यांना सांग, नुसता भात काय खाताय, वरण घ्या.’ ‘तुझ्या आईला सांग, पाळीच्या दिवसांत बर्फाचं पाणी पिऊ नये.’ हे दुसरं सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई चिडली की जे बोलायची त्यातलं निम्मं मी गिळून टाकत असे आणि येयेंच्या उत्तराला थोडी साखर लावत असे. घरात शांतता राहायची आणि पोरगी किती समजूतदार म्हणून माझं कौतुक व्हायचं. वाक्यं गाळण्याची ही कला मी अशी फार लवकर शिकले. आज साठी ओलांडल्यावर हे लिहायला बसले आहे ते या कलेचा शेवट कुठे झाला ते सांगण्यासाठीच. लिहितेय मराठीत, कारण आईने मला नागपूरच्या मावशीला दर रविवारी पत्र लिहायला बसवून ती पक्की करून घेतली होती. येयेंच्या भाषेत मला लिहिता येत नाही, आणि त्याचं कारणही याच गोष्टीत आहे.

येयेंचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर होतं, टायरवाला आणि ड्रायक्लीनर यांच्या मध्ये. बाहेर पार्किंग लॉट, आत शिरलं की भिंतभर लाकडी खण. प्रत्येक खणात दोन-तीन कप्पे, कप्प्यांत मुळं, साली, बिया, वाळलेली फुलं. खण ओढला की लाकूड लाकडावर घासल्याचा एक आवाज येई आणि बंद केला की दुसरा, आणि डोळे मिटूनही मला येये कितव्या ओळीत आहेत ते कळायचं. ते हातात धरायच्या बारीक तराजूने वजन करत, पांढऱ्या कागदांवर सारखे ढीग घालत आणि चौकोनी पुड्या बांधून सुतळीत ओवत. बरोबर लाल, आंबटगोड फळाच्या चकत्या द्यायचे. काढा कडू, म्हणून वर तोंडात टाकायला. कृती सगळ्यांना एकच: तीन वाट्या पाण्याची आटवून एक वाटी. आईसुद्धा म्हणायची, आमच्याकडे काढा असाच आटवतात. तेवढ्यापुरतं त्या दोघांचं एकमत होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलावर तळहाताएवढी निळी उशी होती, भाताच्या कोंड्याने भरलेली. पेशंटने तिच्यावर मनगट ठेवायचं आणि गप्प बसायचं. येये तीन बोटं ठेवत, आधी हलकी, मग दाबून, मग दुसरा हात. मग जीभ बघत. आणि मग तेच सांगत, की तुम्हाला पहाटे जाग येते, डावा खांदा धरतो, जेवल्यावर पोट फुगतं. पेशंटचा आ वासलेला राहायचा. चिनी वैद्यकात पेशंटला विचारायला बंदी आहे असं मुळीच नाही, हे मला पुष्कळ पुढे कळलं. विचारणं हा तिथेही तपासणीचाच भाग आहे. पण आमच्या घराण्याचा एक ताठा होता. येयेंचे वडील म्हणत, ज्याला तोंडाने विचारावं लागतं त्याची बोटं बहिरी. विचारायचं नाही. कुणी आपणहून दुखणं सांगायला लागलं, तर येये हात वर करून त्याला थांबवत, परीक्षेत शेजारच्याने उत्तर दाखवू नये म्हणून थांबवावं तसं. आई हे ऐकून कपाळाला हात लावायची. तिच्या हॉस्पिटलात पेशंट आल्याआल्या पहिला प्रश्न असे: कुठली औषधं घेता? ‘माझा सगळा जन्म विचारण्यात गेला,’ ती म्हणायची, ‘आणि यांचा न विचारण्यात.’ हे मी येयेंना कधी भाषांतर करून सांगितलं नाही.

त्यांचं भांडण व्हायचं ते चोथ्यावरून. काढा गाळून झाला की उरलेला चोथा येये केराच्या टोपलीत टाकत नसत. तो रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवावा, म्हणजे दुखणं घरातून निघून जातं, अशी त्यांच्या गावची रीत. आता आमच्या गल्लीत तुडवायला येणार कोण? सगळे गाडीत. तरी येये चपला घालून, दारापासून रस्त्यापर्यंत जाणाऱ्या ड्राइव्हवेच्या टोकाला जात आणि आपला काळा चोथा तिथे पालथा घालून येत. समोरची बाई आईला फोन करे, की तुमच्या ड्राइव्हवेवर कुणीतरी काहीतरी उलटून ठेवलंय. आई फावडं घेऊन धावे. मी वाक्यं गाळत असे.

या सगळ्याच्या वर एक वही होती. शिवलेली, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची, चार पिढ्यांच्या हातची. घराण्याचे काढे त्यात होते, आणि नियम असा की वही मुलाकडून मुलाकडे जाते. बाबांनी तरुणपणीच सांगून टाकलं होतं की मला गिअरबॉक्स कळतात, नाड्या कळत नाहीत. बापलेकाच्या गप्प बसण्याचं मूळ तिथे असावं. राहिला माझा चुलतभाऊ केविन, कॅलिफोर्नियात. त्याला या विषयात काडीचा रस नव्हता, पण तो मुलगा होता. दर चिनी नववर्षाला काकांचा फोन येई की वही कधी पाठवताय. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा येयेंनी मला दुकानात खण पुसायला घेतलं आणि पुसता पुसता शिकवायला सुरुवात केली. आधी ‘अठरा वैरी’ पाठ करायचे. एकमेकांशी न पटणाऱ्या, एका भांड्यात पडल्या तर विष होणाऱ्या औषधांची ती चालीवर म्हणायची यादी. पाढ्यांसारखी मी ती आंघोळ करताना म्हणायचे. मग बोटं. आईच्या कंगव्यातला एक लांब केस टेबलावर ठेवून येये वर टेलिफोन डिरेक्टरीची पानं पसरत आणि मी डोळे मिटून वरून केस शोधायचा. एक पान, तीन पानं, पाच पानं. दोन वर्षांत मी बारा पानांपर्यंत पोचले. त्यापुढे काही केल्या जाईना. येये चाळीस पानांखालचा केस असा काढत, की जणू तोच त्यांना हाक मारतोय. सोळाव्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला ते मला म्हणाले, “वसंत ऋतूत ठरवतो, वही कॅलिफोर्नियाला जाणार की इथेच राहणार. बोटांना मुलगा-मुलगी कळत नाही.” मला दुसरं काही नको होतं. कॉलेज नको, शाळेतल्या प्रॉमच्या नाचाचा ड्रेस नको, ती निळी वही हवी होती.

पोंक्षे काका आमच्याहून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. पुण्याचे, ड्राफ्ट्समन, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे अर्धी ओळ असणारे. माझ्या अर्ध्या चिनी चेहऱ्याकडे न बघता माझ्याशी पहिल्यापासून मराठीत बोलणारे तेच. बाकीचे काका-काकू मला बघून आपोआप इंग्रजीत घसरायचे. एका रविवारी कुणाच्या तरी घरी पोटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. तिथे त्यांनी मला श्रीखंडाच्या पातेल्याआड गाठलं.

“नलू, तुझ्या ग्रँडफादरकडे नेतेस का मला एकदा? हा पाय बघ ना, थंडी पडली की जीव खातो. इथला डॉक्टर नुसता म्हणतो, वॉक करा, वॉक करा.”

“काका, आईने सांगितलंय, मराठी लोकांना दुकानात न्यायचं नाही.”

“आईला कशाला सांगतेस? अगं, काढा तो काढा. माझी आजी पण द्यायची. त्याने कुणाचं काय वाईट झालंय?”

आईचा तो नियम होता खरा. तिच्या ओळखीतलं कुणी येयेंच्या हाताखाली जाऊ नये. मला तो येयेंचा अपमान वाटायचा. शिवाय येयेंना माझ्या आईकडचं माणूस नेऊन दाखवावं, माझ्याकडचं काहीतरी त्यांच्या दुकानात न्यावं, हा मोहही होताच. शनिवारी काका गाडी घेऊन कोपऱ्यावर आले. आई ड्युटीवर होती. रस्त्याने ते बोलत होते, एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने डावी मांडी चोळत. “लास्ट इयर याच पायात क्लॉट झाला होता माझ्या, तुला माहितेय ना? रक्ताची गुठळी. आठवडाभर ॲडमिट होतो. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालूय, रोज एक. दर महिन्याला जाऊन ब्लड टेस्ट करायची. वैताग आहे नुसता.” मी हं म्हटलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. हे सगळं मला अगदी स्पष्ट आठवतं. मी ऐकलं नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही.

खोलीत शिरल्यावर काका उशीवर हात ठेवून बसले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या बाजूच्या स्टुलावर. येयेंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग एकदम उठून मला म्हणाले, “तू बघ.” दोन वर्षांत ते असं कधी म्हणाले नव्हते. मी तीन बोटं ठेवली. खरं सांगते, मला नेहमीसारखंच काहीतरी लागलं, एक ठोका, मग एक ठोका. दुसरं काही नाही. येये वाट बघत होते. वसंत ऋतू जवळ आला होता. आणि माझ्या डोक्यात गाडीतली गुठळी होती. मी म्हटलं, “नाडी खरखरीत आहे. बांबू सुरीने तासावा तशी. रक्त अडलंय. डाव्या पायात.”

येयेंनी मला लहानपणापासून कधी जवळ घेतलं नव्हतं. त्यांच्यात ती पद्धत नाही. त्या दिवशी त्यांनी माझी ती तीन बोटं आपल्या हातात घेतली आणि नुसती धरून ठेवली. काका म्हणाले, “काय म्हणतात गं? काय सापडलं?” मी मराठीत सांगितलं, की रक्त अडलंय म्हणतात. “कमाल आहे बुवा!” काका म्हणाले. “न विचारता ओळखलं!” आणि मी मान डोलावली.

येये खण ओढू लागले. तोंगक्वाय नावाच्या मुळीच्या चपट्या, सेलरीसारख्या वासाच्या चकत्या, मग एक लाल मूळ, मग आणखी दोन-तीन गोष्टी, सगळी अडलेलं रक्त चालतं करणारी. गोळी जे काम करायची तेच काम ही मुळं करणार होती, दुसऱ्या बाजूने. अठरा वैऱ्यांत अशी गोळी नव्हती. ज्यांनी ती यादी रचली त्यांच्या काळात ती गोळीच नव्हती. पण मी नर्सची मुलगी होते. जेवताना आई ज्या गोष्टी सांगायची त्यात रक्त पातळ करणारी गोळी कितीदा यायची, आणि तिच्याबरोबर काय काय चालत नाही तेही. पुड्या बांधल्या जात होत्या आणि माझ्या घशाशी एक वाक्य आलं होतं: येये, हे एक गोळी घेतात. एवढंच. पण मी ते बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुला कसं कळलं? मग गाडी, मग गुठळी, मग माझी खरखरीत नाडी. वही केविनकडे गेली असती. मी ते वाक्य गिळलं. गिळण्याची सवय होतीच. पंधरा दिवसांच्या पुड्या घेऊन काका लाल चकत्या चघळत बाहेर पडले. जाताना मी त्यांना कृती सांगितली, तीन वाट्यांची एक वाटी, आणि वर हेही सांगितलं की चोथा ड्राइव्हवेच्या टोकाला टाकायचा असतो. त्यांना गंमत वाटली.

त्या संध्याकाळी येयेंनी जेवणाच्या टेबलावर वही आणली आणि पहिलं पान माझ्यासमोर उघडलं. बाबांनी पेपर खाली केला, पाहिलं आणि पुन्हा वर केला. आईने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, येये म्हणतात मला वाचायला शिकवणार. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “शीक हो. विद्या कुणाचीही असो.” तिला आनंद झाला होता. मी त्या भाकरीचे तुकडे नुसते कुस्करत राहिले. खाई त्याला खवखवे. पुढचे दहा दिवस मी रोज शाळेतून येताना पोंक्षे काकांच्या घरावरून फेरी मारायचे. ड्राइव्हवेच्या टोकाला ताज्या बर्फावर ताजा चोथा असायचा. म्हणजे बरे आहेत, पितायत, मी स्वतःची समजूत घालायचे. दार वाजवून सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज उद्यावर जायचं.

अकराव्या दिवशी काकांच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना, आणि मग पोटातूनही. अँब्युलन्स आली. योगायोग म्हणा किंवा काय, नेलं ते आईच्याच हॉस्पिटलात. ड्युटी संपल्यावर आई पोंक्षे काकूंचे कपडे आणायला त्यांच्या घरी गेली, आणि गाडीतून उतरल्याउतरल्या तिचा पाय त्या चोथ्यावर पडला. इतकी वर्षं आमच्या ड्राइव्हवेवर फावडं चालवलेली बाई ती. बर्फावरचे ते तपकिरी ढीग दुसऱ्या कुणाला कचरा वाटले असते. तिने हातमोज्याने ढीग उचलला, पेपरात गुंडाळला आणि घरी आणून येयेंच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

“विचार त्यांना,” आई मला म्हणाली, “हे यांचं आहे का?”

मी विचारलं. येयेंनी चोथा बोटांनी पसरला, एक चकती उचलून हुंगली. “माझंच. पाय दुखणाऱ्या माणसाचं.”

“त्यांना सांग, तो माणूस आयसीयूत आहे. सांग की त्याला वर्षभर ब्लड थिनर चालू आहे आणि यांनी त्यावर हे पाजलंय. आणि विचार, विचारलं होतं का त्यांनी? एकदा तरी विचारलं होतं का?”

आयुष्यात पहिल्यांदाच मी आईच्या बोलण्यातला एकही शब्द गाळला नाही. गाळला असता तर बरं. येये ऐकत होते तसे त्यांचे हात टेबलावर उताणे होत गेले. “नाही विचारलं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, तितक्याच हळू आवाजात, “लिन, तुला माहीत होतं?”

“काय म्हणतात?” आईने विचारलं.

मी येयेंना म्हटलं, “नाही.” आणि आईला म्हटलं, “म्हणतात, विचारलं नव्हतं.”

त्या एका श्वासात मी दोन भाषांत दोघांची फसवणूक केली. आई मला नंतर बोलायची ती बोललीच, दुकानात का नेलंस, मला का सांगितलं नाहीस, सगळं. पण जे विचारायला हवं होतं ते तिनेही विचारलं नाही. तिची खात्री होती की मला माहीत असतं तर मी गप्प बसलेच नसते. काका वाचले. बारा दिवस हॉस्पिटलात काढून आले, निम्मे होऊन. आई मला त्यांना भेटायला घेऊन गेली, तेव्हा उशांना टेकून बसलेले काका आईला म्हणाले, “वहिनी, चूक माझीच. मी कुणालाच बोललो नव्हतो गोळीचं. ना त्यांना, ना हिला.” आणि माझ्याकडे बघून, “काय गं नलू, अभ्यास कसा चाललाय?” मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला शिक्षा हवी होती आणि जो तो मला पांघरूण घालत होता.

येयेंनी दुकान उघडलं नाही. फोन यायचे, जुने पेशंट दारात यायचे. येये सगळ्यांना एकच सांगत: बोटं गेली. वय झालं, आता लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी एकदा दुपारी मी शाळेतून लवकर आले तर येये टेबलाशी पाठमोरे बसलेले. समोर डिरेक्टरी. आईच्या कंगव्यातला केस त्यांनी स्वतःच ठेवला असणार, पानं वरून फिरवली असणार, चांगला बोटभर जाड गठ्ठा. डोळे मिटलेले. बोटं पानावरून इकडे गेली, तिकडे गेली, थांबली. त्यांनी गठ्ठा उचलला. केस बरोबर बोटाखाली होता. मला इतकं हायसं वाटलं, की मी मोठ्याने म्हटलं, “येये, सापडला!” त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खूप वेळ बघितलं, कुणाची जीभ तपासावी तसं. मग डिरेक्टरी उचलून कपाटात ठेवली. मला वाटलं, उद्या दुकान उघडणार. तर लगेच फोन वाजला आणि फोनवर ते कुणाला तरी म्हणाले, नाही, बोटं गेली.

वसंत ऋतू आला. वहीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी तो काढावा एवढी माझी लायकी नव्हती. वाचायचे धडे पहिल्या चार पानांवर थांबले. दुकानाच्या जागी नखं रंगवण्याचं दुकान आलं. मागच्या डाव्या बर्नरवर आई दूध तापवू लागली, आधी चोरून, मग उघड. चार वर्षांनी येये गेले तेव्हा मी फार्मसीच्या कॉलेजात होते. कपाटात वही होती, वर चिठ्ठी: लिनला. केविनच्या वडिलांनी कॅलिफोर्नियाहून फोनवर आदळआपट केली. मी ती वही घेतली, पातळाच्या जुन्या पिशवीत घातली आणि पुढची चाळीस वर्षं माझ्या घराच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मला ती वाचता येत नव्हती, असं मी सांगत असे. शिकता आली असती. कुणीतरी वाचून दाखवली असती. मला तिचा हक्क नव्हता, हे खरं कारण.

माझी सगळी नोकरी काउंटरमागे गेली. मी विचारते. माझ्याइतकं विचारणारी फार्मासिस्ट आमच्या भागात नसेल. आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, भारतातून आणलेल्या पुड्या, कुणी दिलेली मुळी? आपल्या बायका अजूनही माझ्याकडे संशयाने बघून म्हणतात, ‘नाही हो, ते काही औषध नाही, ते आपलं घरचंच.’ मी म्हणते, मावशी, घरचंच असेल तर आधी सांगा. आमचा तरुण स्टाफ हसतो मला. हसू दे.

गेल्या हिवाळ्यात बाबांना मी माझ्याकडे घेऊन आले. आई जाऊन सहा वर्षं झाली, ट्रॉयचं घर विकायला काढलं. बाबा आता नव्वदीच्या घरात आहेत. अबोल होते ते आता बोलायला लागलेत, आणि बोलतात ते त्यांच्या लहानपणच्या बोलीत. एका सकाळी खोकं आवरताना पिशवी खाली आली आणि वही त्यांच्या मांडीवर पडली. तरुणपणी जिला हात लावायला त्यांनी नकार दिला होता ती वही ते पान पान उलटून वाचू लागले, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखे. पोटाचा काढा, बाळंतिणीचा काढा, अठरा वैरी. अठरा वैऱ्यांची चाल माझ्या तोंडून आपोआप निघाली. आम्ही दोघांनी ती बरोबर म्हटली. मग ते शेवटच्या पानाशी आले आणि थांबले.

“हे अक्षर माझ्या वडिलांचं,” ते म्हणाले. “शाई वेगळी आहे. नंतर लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

बाबांनी चष्मा सरळ केला. “‘आमच्या घराण्यात विचारायचं नाही असा नियम होता. तो मी मोडतो. नाडी बघण्याआधी विचारावं. रोग्याला विचारावं. आणि रोग्याच्या बाजूला जी बसलेली असेल, तिलाही विचारावं, पण असं, की तिला सांगायची भीती वाटू नये. मला तसं विचारता आलं नाही.’”

त्यांनी वही मिटली नाही. बारा पानांच्या पुढे जिला केस लागत नव्हता तिला त्या दिवशी खरखरीत नाडी कशी लागली, हे येयेंनी कधी ओळखलं असेल? डिरेक्टरीतला केस सापडला तेव्हाच, दुसरं कधी: चाळीस पानांखालचा केस काढणाऱ्या बोटांना जे कळलं नाही, ते माझ्या बोटांना कळणं शक्यच नव्हतं. बोटं शाबूत आहेत हे त्यांना त्या दुपारी कळलं होतं, आणि तरी मरेपर्यंत ते सगळ्यांना बोटं गेली म्हणूनच सांगत राहिले.

“हे असं काय लिहिलंय?” बाबा वहीत बघत म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि आमच्या घरात आजवर कुणी ज्या आवाजात काही विचारलं नव्हतं अशा साध्या, मऊ आवाजात विचारलं, “कोण बसलं होतं बाजूला?”

“मी,” मी म्हटलं. “बाबा, मला माहीत होतं.”